उनाइसीच्या पळत्या पट्ट्या

उनाइसी सकाळी ऑफिसात आली की आधी चपला काढायची, मग डोळ्यांत औषधाचे थेंब टाकायची, आणि मान तशीच मागे ठेवून मला विचारायची, "काय रे इसिमेली, आज कुणाला पळवायचंय?"

पळवायच्या त्या पट्ट्या. मी बेटाबेटांवर जाऊन मासे, खेकडे, मेलेलं प्रवाळ, साहेब सांगेल ते मोजून आणायचो आणि आकड्यांचे तक्ते तिच्याकडे पाठवायचो. ती ते सॉफ्टवेअरमध्ये भरायची. एका ओळीत एक गाव, एका रकान्यात एक वर्ष. मग प्रत्येकाला रंग द्यायचा, नाव बसवायचं, वेग ठरवायचा, आणि बटण दाबलं की पडद्यावर आडव्या पट्ट्या वाढायला लागायच्या. जी लांब होईल ती वर सरकायची, मागे पडेल ती खाली घसरायची, आणि कोपऱ्यात वर्ष बदलत राहायचं. सगळा खेळ मिनिटभराचा. त्या मिनिटापायी तिचा आठवडा जायचा.

याला कारण आमचा साहेब, डंकन. ऑकलंडहून आमच्या बेटांच्या राजधानीत, सुव्याला आलेला, मनाचा चांगला, पण केलेलं काम तसंच राहू देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. जरा हळू कर, जरा वेगात घे, हा निळा फार थंड वाटतो, शेवटी दोन क्षण थांबव म्हणजे लोकांना श्वास घेता येईल. उनाइसी मान डोलावून सगळं करायची आणि तो वळला की म्हणायची, "लोकांना श्वास घेऊ दे म्हणे. माझा कोण घेणार?"

एकदा हॉटेलातल्या परिषदेत तिने देशोदेशीचं मेलेलं प्रवाळ पळवलं होतं. रग्बीचा सामना चालल्यासारखे लोक खुर्चीच्या काठावर आले. संपल्यावर टाळ्या पडल्या, आणि चहाच्या रांगेत एका पाहुण्याने तिला हसत विचारलं, शेवटी जिंकलं कोण? तिने त्याच्यापुढे बिस्किटांची बशी धरली.

तिला स्वतःला या पळण्याचा तिटकारा होता. ती म्हणायची, तू दोन वर्षांतून एकदा मोजतोस. मधे काय झालं ते तुला माहीत नाही, मला माहीत नाही. ते मधलं सगळं सॉफ्टवेअर आपल्या मनाने भरतं, आणि लोक नेमकं तेवढंच डोळे फाडून बघतात. खरं एवढंच की आधी इतके मासे होते आणि आता इतके आहेत. ते सांगायला एक कागद पुरे. पण कागद आता कोण बघतो?

आमच्या दोघांच्या गावांचा मूळ देव एक. अशा गावच्या माणसांनी एकमेकांना वाट्टेल ते बोलावं, एकमेकांच्या ताटातलं उचलावं आणि कुणी रागवू नये, ही आमची रीत. त्यामुळे मी तिला म्हातारी कासवीण म्हणायचो, ती मला कसाव्याच्या कंदातली अळी म्हणायची, आणि माझ्या डब्यातली रोटी बहुतेक तिच्याच पोटात जायची. शेवटची दोन-तीन वर्षं मात्र मी चिडवलं तर ती नुसतं "हं" म्हणायची. उलटी शिवी द्यायचाही तिला कंटाळा येऊ लागला, तेव्हा मला काळजी वाटली.

निवृत्तीला थोडे महिने उरले होते. नवरा वारलेला. मुलगी ब्रिस्बेनला, ती सारखी बोलवायची. पण उनाइसीला ब्रिस्बेन नको होतं. तिला वाइतुबूला जायचं होतं, तिच्या माहेरच्या गावी. लग्न होऊन गेलेल्या बाईला माहेरच्या जमिनीवर घर हवं तर ते भावाच्या आणि गावाच्या शब्दावर. भाऊ सेमेसाने जागा दिली, खांब रोवले. तिने छपराचे पत्रे बोटीने पाठवले. सुव्यातल्या आमच्या त्या खोलीत, जिथे खिडकीतून फक्त बसडेपोची भिंत दिसते, ती त्या घराबद्दल बोलायची तेव्हाच तिच्या आवाजात जीव असायचा. म्हणायची, काही करणार नाही मी तिथे. बसणार.

वाइतुबू हे रातू तेवितांच्या मुलखातलं गाव. रातू म्हणजे त्या किनाऱ्याचे सरदार, राहतात नासाउलेवूत. वाइतुबूचे लोक त्यांचे पिढीजात कोळी. रातूंच्या घरी लग्न असो की मयत, मासा यांनी आणायचा. यांगोनाची, म्हणजे मुळांच्या मानाच्या पेयाची, करवंटी फिरते तेव्हा पहिली रातूंना, मग त्यांच्या मागच्या गावांना ठरल्या क्रमाने, आणि वाइतुबूची पाळी येईस्तोवर परातीचा तळ दिसायला लागलेला असतो. त्यात कुणाला अपमान वाटत नाही. क्रम तो क्रम.

म्हणून उनाइसी नेहमी दोन आलेख करायची. एक हॉटेलासाठी, पळणारा. दुसरा मुलखात दाखवायला. त्यात गावं करवंटीच्या क्रमाने आपापल्या जागी बसलेली, फक्त पट्टी लांब-आखूड होणार, कुणी कुणाच्या वर चढणार नाही. डंकनला या दुसऱ्या कामाचा पत्ताही नव्हता.

त्या वर्षी तिने दुसरा केला नाही. का, म्हणून मी नंतर विचारलं.

"कंटाळा आला होता," ती म्हणाली.

कारण तेवढंच होतं.

सभा नासाउलेवूच्या सभाघरात होती. प्रत्येक गावाने आपल्या प्रवाळाचा एक भाग मासेमारीला बंद ठेवला होता, आणि तो पुढेही बंद ठेवायचा की उघडायचा हे रातू ठरवणार होते. त्यासाठी आम्ही गावोगावच्या बंद भागातले मासे मोजले होते. खिडक्यांच्या फळ्या लावून अंधार केला, भिंतीवर चादर ताणली, जनरेटर घरघरायला लागला. पुढे चटईवर रातू, शेजारी डंकन, मागे क्रमाने गावांचे म्होरके, दाराशी बायका. आमच्याकडे सरदारापेक्षा उंच बसायचं नसतं. कुणाच्या समोरून जायचं झालं तर कमरेत वाकून "तुलोऊ, तुलोऊ" असं पुटपुटत जायचं, म्हणजे मला माफ करा.

पहिल्या वर्षी नासाउलेवूची पट्टी सगळ्यांत वर होती. लोक खूश झाले. मग ती जागीच अडकली आणि आखूड व्हायला लागली. एक गाव तिच्यावर चढलं, दुसरं चढलं. आणि अगदी तळातून वाइतुबूची हिरवी पट्टी निघाली. मी उनाइसीकडे बघितलं. तिचा हात बटणाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. आता बंद केलं तर आणखी वाईट दिसलं असतं. हिरवी पट्टी एकेकाला ओलांडत नासाउलेवूपर्यंत आली आणि आरामात तिच्या डोक्यावरून वर गेली.

मागून कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "तुलोऊ."

एकाला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात दडवलं. नासाउलेवू खाली खाली येत शेवटच्या ओळीत जाऊन बसलं. आणि आलेख दोन क्षण थांबला, लोकांना श्वास घेता यावा म्हणून. कुणी घेतला नाही.

नासाउलेवूचे मासे का घटले हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रातूंचा पुतण्या आणि त्याचे दोस्त रात्री टॉर्च घेऊन बंद भागात बुडी मारायचे आणि झोपलेले मासे भाल्याने टिपायचे. सगळे कानाडोळा करत होते. पण ठाऊक असणं वेगळं आणि चादरीवर पाहुण्यांसमोर दिसणं वेगळं. रातूंनी हातातली करवंटी न पिता खाली ठेवली आणि उठून घरी गेले. बंदीचं काहीच ठरलं नाही. डंकन मला कानात विचारत होता की त्यांना बरं वाटत नाही का.

चार दिवसांनी ऑफिसात उनाइसीला तराइविनीचा फोन आला. ही सेमेसाची बायको. आमच्यात भाऊ-बहीण मोठे झाले की एकमेकांशी तोंडाने बोलत नाहीत. ते वैर नसतं, तो मान असतो. सेमेसा आणि उनाइसीचं सगळं बोलणं आयुष्यभर या तराइविनीच्या तोंडून झालेलं. उनाइसीला जरा कमी ऐकू यायचं, म्हणून तिने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, आणि मलाही सगळं ऐकू आलं.

"ताई, हे म्हणतात, पत्रे झाकून ठेवलेत, काळजी करू नका. पण काम थांबवलंय. गावाचं म्हणणं पडलं, माफी झाल्याशिवाय तुम्ही गावात पाऊल टाकायचं नाही."

"बरं."

"लोक वाईट बोलतात हो ताई. म्हणतात, हिने मुद्दाम आपलं गाव वर चढवलं. सुव्यात बसून हिला शिंगं फुटली."

"म्हणू दे. तो काय म्हणतो?"

मग तराइविनी म्हणाली, "हे काही म्हणत नाहीत. म्हातारे म्हणतात, दात घेऊन रातूंच्या घरी जायचं आणि सांगायचं की मशीन चुकलं. मशीन चुकलं म्हटलं की कुणाला लागत नाही. ह्यांनी नुसतं ऐकून घेतलं."

दात म्हणजे देवमाशाचा. मोठी चूक झाली की तो दोन्ही हातांवर धरून समोरच्याच्या दारी जायचं. बाईला तिथे बोलता येत नाही, तिच्यासाठी तिच्या घरचा पुरुष बोलतो. म्हणजे सेमेसा.

डंकनला मी सगळं समजावलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, अरे मग सोपं आहे, मी स्वतः कळवतो की सॉफ्टवेअरमध्ये गडबड होती. नाहीतरी ते ओलांडणं वगैरे मधल्या फ्रेममध्येच होतं ना, ते थोडंच आपण मोजलंय! त्याला खरंच मदत करायची होती. पण शेवटच्या फ्रेममधले आकडे माझे होते. त्या पाण्यात मी स्वतः उतरलो होतो, थंडीने दात वाजत मोजलेले ते मासे होते. मला राग आला.

डंकन गेल्यावर मी उनाइसीला विचारलं, "खरंच म्हणणार तू, मशीन चुकलं म्हणून?"

"मी कुठे बोलणार? सेमेसा म्हणेल. मी हो म्हटलंय."

"आणि माझे मासे?"

"तुझे मासे कुठे जात नाहीत." तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. "इसिमेली, मला घरी जायचंय रे. दुसरं काही नको. एका मशीनवर आळ घालून घरी जाता येत असेल, तर घालते. इतकी वर्षं त्याने माझ्याकडून कामं करून घेतली. एवढं त्याने माझ्यासाठी करावं."

तिला मी काय वाटेल ते बोलू शकत होतो, तशी मुभाच होती. पण मी नुसती माझी रोटी तिच्याकडे सरकवली. तिने ती खाल्लीही नाही.

माफीच्या दिवशी मीही गेलो. मोजणी माझी होती, म्हणून जाणं भाग होतं. वाइतुबूची माणसं दोन बोटींतून आली होती. रातूंच्या घरात पुरुष पुढे मांडी घालून बसले, उनाइसी आणि तराइविनी दाराशी, अंग चोरून. रातू समोर, त्यांच्या वतीने बोलणारा माणूस बाजूला, आणि तो पुतण्या एका खांबाला टेकून, जणू काही झालंच नाही असा. उनाइसी मला एवढी लहान कधी दिसली नव्हती.

सेमेसा दोन्ही हातांवर दात धरून पुढे सरकला. राकट माणूस, हात जाळ्याच्या दोऱ्यांनी कापलेले. तो चटईकडे बघत बोलायला लागला आणि आवाज इतका खाली होता की मला पुढे वाकावं लागलं.

"रातू, आम्ही तुमचे कोळी. तुमच्या सभाघरात, तुमच्या पाहुण्यांसमोर आमच्या बाईने तुमच्या गावाचं नाव खाली आणलं. जे सांगायचं ते आधी तुमच्या दारात येऊन सांगायला हवं होतं. ते केलं नाही. हा आमचा गुन्हा. त्याच्यासाठी हा दात."

तो थांबला. वाइतुबूच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. आता मशीनचं यायचं होतं.

"मला सांगितलंय," सेमेसा म्हणाला, "की मशीन चुकलं म्हण. मला मशीनमधलं कळत नाही. मला पाण्यातलं कळतं. बहिणीने दाखवलं ते मी पाण्यात रोज बघतो. माझी बहीण खोटं दाखवत नाही."

मनात म्हटलं, गेलं हिचं घर, आता ब्रिस्बेनचं तिकीट काढा. वळून बघितलं तर उनाइसीने तोंडावर दोन्ही हात घेतले होते. कळत्या वयापासून जो भाऊ तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता, तो सगळ्या मुलखासमोर तिच्याबद्दल हे बोलला होता. आणि बोलून त्याने तिचं घर घालवलं होतं, असंच तेव्हा वाटलं.

रातू फार वेळ दाताकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतः हात पुढे केले आणि दात घेतला. पुढे आलेला दात सहसा कुणी परत पाठवत नाही, पण इतका उशीर लागलेला मी पहिल्यांदाच बघितला.

"गुन्हा मिटला," ते म्हणाले. मग खांबाकडे न बघता, पण सगळ्यांना कळेल असं त्यांनी विचारलं की आपल्या बंद भागात रात्री कोण बुड्या मारतं. पुतण्या चटईची वीण बघत होता. रातूंनी उत्तराची वाट बघितली नाही. म्हणाले, बंदी राहील, सगळ्यांना राहील, माझ्या घरच्यांना सुद्धा.

आणि मग दाराकडे. "बाई, तुझ्या पट्ट्या या मुलखात पळवायच्या नाहीत. बसवायच्या. करवंटी फिरते तशा."

उनाइसीने मान खाली घातली.

"आणि माझी आहे तेवढीच काढ. आखूड तर आखूड."

मग यांगोना झाली. सेमेसाची करवंटी शेवटून दुसरी आली, आणि तो ती एका दमात प्यायला. पुढे ती रात्रीची चोरी खरंच बंद झाली का, ते मला ठाऊक नाही. पुढची मोजणी दुसऱ्याने केली आणि माझ्याकडे प्रवाळ मोजायचं काम आलं.

दुपारी ओहोटी लागायच्या आत निघायचं होतं. उनाइसी किनाऱ्यावर वाळूत उभी होती आणि रडत होती. आवाज न करता, पण थांबायलाही तयार नाही अशी. मी शेजारी उभा होतो. म्हटलं, पुरे गं कासविणी, समुद्रात पाणी आहे तेवढं बास. तिने मला कोपराने ढोसलं. किती दिवसांनी.

सेमेसा आमच्याकडे पाठ करून बोटीतलं पाणी उपसत होता. तो बायकोला म्हणाला, पण आम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "तिला विचार, घराचं दार कुठल्या बाजूला ठेवू. समुद्राकडे ठेवलं तर दिवसभर लाटा दिसतील."

तराइविनी चार पावलं चालून आली आणि तिने ते जसंच्या तसं उनाइसीला सांगितलं.

"त्याला सांग, डोंगराकडे ठेव," उनाइसी म्हणाली. "हलणारं बघून बघून माझे डोळे गेले."

तराइविनीने जाऊन तेही सांगितलं. सेमेसाने मागे न वळता मान हलवली आणि पाणी उपसत राहिला.